वाइल्डच्या नाटकातील उपरोध केवळ वाक्यांत नाही

ऑस्कर वाइल्डच्या ‘द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट’ या १८९५ साली लंडनमध्ये रंगभूमीवर आलेल्या सुखात्मिकेतील उपरोध फक्त चटकदार वाक्यांत आहे आणि कथानक नावापुरते आहे, हा समज फार काळ रूढ आहे. नाटक न पाहता त्यातील सुटी वाक्ये वाचल्यानेच तो टिकला असावा.

दुसऱ्या अंकात नाटकाचा नायक जॅक, जो शहरात स्वतःच अर्नेस्ट या नावाने वावरतो, पूर्ण काळ्या सुतकी पोशाखात प्रवेश करतो आणि आपला (मुळात कल्पित) भाऊ अर्नेस्ट पॅरिसमध्ये सर्दी बाधून वारल्याचे गंभीरपणे सांगतो. पण त्याच अर्नेस्टचे सोंग घेतलेला जॅकचा मित्र अल्जर्नन आत जेवणघरात आहे, हे प्रेक्षकांना ठाऊक असते. त्यामुळे जॅकने तोंड उघडण्यापूर्वीच हशा पिकतो. जॅकच्या पालकत्वाखालील तरुणी सिसिली हिला मागणी घालणाऱ्या अल्जर्ननला तर कळते की त्यांचे लग्न तिच्या डायरीत तीन महिन्यांपूर्वीच ठरले, मध्यंतरी मोडले आणि पुन्हा जुळलेही आहे.

सर्वांत तीव्र उपरोध शेवटी येतो. जॅकचे खोटे उघडे पडूनही त्याला शासन होत नाही, उलट ते अक्षरशः खरे ठरते: त्याला खरोखरच धाकटा भाऊ असतो, तो अल्जर्ननच, आणि जॅकचे बाप्तिस्म्याचे नाव अर्नेस्टच निघते.