सलूंबर ठिकाणा

राजस्थानात उदयपूरच्या आग्नेयेला सुमारे ७० कि.मी.वर असलेली मेवाड राज्यातील एक प्रमुख जहागीर. आपल्याकडे जिला जहागीर किंवा सरंजाम म्हणतात तिला मेवाडात ‘ठिकाणा’ म्हणत. हा ठिकाणा सिसोदिया कुळाच्या चुंडावत शाखेकडे होता आणि त्याच्या धन्याचा किताब ‘रावत’ असे. मेवाडच्या दरबारात पहिल्या प्रतीचे सोळा उमराव होते. त्यांत सलूंबरच्या रावताला जो अधिकार होता, तो त्याच्या मुलखाच्या विस्तारावरून ठरलेला नव्हता. हे घराणे मेवाडच्या राजघराण्याची थोरली पाती होते आणि त्याने गादी आपणहून सोडली होती. सलूंबरचा सगळा इतिहास या एका त्यागाभोवती फिरतो.

तो त्याग केला चूंडा याने. महाराणा लाखा (कारकीर्द सु. १३८२–१४२१) याचा हा थोरला मुलगा. मारवाडच्या राठोडांकडून राजकन्या हंसाबाई हिच्या सोयरिकीचा नारळ चूंडासाठी आला. त्या वेळी म्हाताऱ्या लाखाने थट्टेत उद्गार काढले, की आमच्यासारख्यांसाठी नारळ कोण पाठवणार! बापाच्या मनात जिच्याविषयी असे येऊन गेले, ती आपल्याला मातेसमान, असे म्हणून चूंडाने लग्नाला नकार दिला, अशी भाटांची परंपरा सांगते. शेवटी हंसाबाईचे लग्न लाखाशीच झाले आणि तिच्या पोटच्या मुलाला गादी मिळावी म्हणून चूंडाने आपला हक्क सोडला. हा मुलगा म्हणजे मोकल. बदल्यात चूंडाच्या वंशाला कायमचे मान मिळाले. महाराण्याच्या दानपत्रांवर भाल्याचे चिन्ह काढण्याचा हक्क त्यांतला सर्वांत बोलका. राज्याच्या मसलतीतील वंशपरंपरागत पहिले स्थान, ज्याला मेवाडात ‘भांजगड’ म्हणत, तेही याच घराण्याकडे आले.

मात्र गादी सोडली तरी संशय सुटला नाही. हंसाबाईच्या मनात किंतू आला, तेव्हा चूंडा माळव्यात मांडूला निघून गेला. मेवाडात तिचा भाऊ रणमल याचे वर्चस्व वाढले. १४३३ मध्ये मोकलचा खून झाला आणि त्याचा मुलगा कुंभा गादीवर आला. राठोडांचा जोर असह्य झाल्यावर चूंडाला परत बोलावण्यात आले. १४३८ मध्ये चितोडात रणमल मारला गेला आणि चूंडाने राठोडांची राजधानी मंडोर घेतली. रणमलचा मुलगा जोधा याला ती परत जिंकायला १४५३ उजाडले. त्यानेच पुढे जोधपूर वसवले.

चूंडाच्या शब्दाची खरी कसोटी लागली ती १५२७ मध्ये, बाबराविरुद्धच्या खानव्याच्या रणात. राणा सांगा घायाळ होऊन रणाबाहेर नेला गेला. सैन्याचा धीर टिकावा म्हणून राजचिन्हे दुसऱ्या कोणी तरी धारण करणे भाग होते. ती प्रथम चुंडावतांचा प्रमुख रावत रत्नसिंह याला देऊ करण्यात आली. आमच्या पूर्वजांनी राज्य सोडले आहे, तेव्हा क्षणभरही ही चिन्हे मी घेणार नाही, असे त्याने सांगितल्याची नोंद मेवाडच्या इतिहासांत आढळते. मग ती झाला कुळातील सरदार अज्जा याने घेतली. रत्नसिंह त्याच लढाईत पडला.

त्याच्यामागून रावत साईदास १५६८ मध्ये अकबराशी लढताना चितोडात कामी आला. त्याच वेढ्यात प्राण देणारा प्रसिद्ध पत्ता हाही चुंडावतच, पण जग्गावत उपशाखेचा. आमेटचे घराणे त्याचे. देवगढचे सांगावत आणि बेगूंचे मेघावतही याच वंशवृक्षावरचे. सलूंबरची उपशाखा कृष्णावत. रावत कृष्णदासावरून तिला हे नाव पडले. १५७२ मध्ये महाराणा उदयसिंहाने आपला धाकटा मुलगा जगमाल याला वारस नेमले होते. तेव्हा गोगुंद्यात जगमालला गादीवरून उठवून प्रतापसिंहाला बसवण्यात कृष्णदास आघाडीवर होता. गादी सोडणाऱ्यांचा वंशज गादी कोणाची हे ठरवत होता, आणि हे कोणाला वावगे वाटले नाही. महाराणा प्रतापाची कारकीर्दच या हस्तक्षेपातून उभी राहिली, हे विसरता येत नाही.

सेनेच्या आघाडीला, म्हणजे ‘हरावळी’त, राहण्याचा मान चुंडावतांचा. सिसोदियांच्याच दुसऱ्या शाखेने, शक्तावतांनी, त्यावर हक्क सांगितला, तेव्हा प्रतापाचा मुलगा अमरसिंह याच्या काळात ऊंटाळा (आजचे वल्लभनगर) किल्ल्यात जो आधी शिरेल त्याचा मान, असे ठरले. चुंडावत सरदाराचे मस्तक तटाच्या आत फेकले गेले आणि पैज जिंकली, ही कथा मेवाडात अजून सांगतात. तिच्याहून अधिक लोकप्रिय आहे ती हाडी राणीची. औरंगजेबाविरुद्धच्या मोहिमेवर निघालेल्या सलूंबरच्या रावताने नवपरिणीत पत्नीकडे निशाणी मागवली आणि तिने आपले शिर कापून पाठवले, अशी ही कथा. या रावताचे नावही रत्नसिंहच असल्याने खानव्याच्या रत्नसिंहाशी त्याची गल्लत होते. कथेला लोकस्मृतीचा आधार आहे आणि ती स्मृती जिवंत आहे. राजस्थान पोलिसांच्या महिला बटालियनला हाडी राणीचे नाव दिलेले आहे.

मराठी वाचकाला सलूंबर भेटते ते अठराव्या शतकात, समोरच्या फळीत. महाराणा अरिसिंह आणि गादीवर हक्क सांगणारा रतनसिंह यांच्या भांडणात महादजी शिंदे रतनसिंहाच्या बाजूने उतरले. १७६९ मध्ये उज्जैनजवळ क्षिप्राकाठी झालेल्या लढाईत सलूंबरचा रावत पहाडसिंह ठार झाला. पुढे उदयपूरला वेढा पडला आणि मोठ्या खंडणीपायी मेवाडला जावद, नीमच हे परगणे गहाण टाकावे लागले. त्यानंतरच्या काळात चुंडावत-शक्तावत वैराने राज्य पोखरले. रावत भीमसिंह चितोड धरून बसला आणि त्याला तेथून काढण्यासाठी महाराण्यालाच महादजींची मदत घ्यावी लागली. १७९१ मध्ये चितोड रिकामे झाले व मेवाडचा कारभार पाहायला अंबाजी इंगळे मागे राहिले. ज्या घराण्याने राज्याला तारले, त्याच घराण्याच्या दबदब्याने ते या काळात दुबळे केले, असेच म्हणावे लागते.

१८१८ मध्ये मेवाडने इंग्रजांशी तह केला. तरीही सलूंबर आणि दरबार यांच्यातील ताण ओसरला नाही. १८५७ च्या सुमारास रावत केसरीसिंहाचे महाराणा स्वरूपसिंहाशी बिनसलेले होते. १८५८ च्या अखेरीस इंग्रज फौजा पाठीवर असताना तात्या टोपे बांसवाड्याहून या भागात आले, तेव्हा त्यांना सलूंबरात रसद मिळाली.

स्वातंत्र्यानंतर राजस्थानात १९५२ च्या जहागीर पुनर्ग्रहण कायद्याने ठिकाण्यांचा अंमल संपला. भिल्लबहुल डोंगरांतले सलूंबर गाव पुढे बराच काळ उदयपूर जिल्ह्यातील तहसीलीचे ठिकाण होते. २०२३ पासून ते स्वतंत्र जिल्ह्याचे मुख्यालय आहे.