किप्प्यावर बंदी? निकाल खरा, गोष्ट अर्धी

‘अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेच ज्यूंना कामावर किप्पा, म्हणजे त्यांची छोटी गोल टोपी, घालायला मनाई केलीय,’ हे अजूनही ठासून सांगितलं जातं. निकाल खरा आहे. १९८६ साली हवाई दलातले मानसशास्त्रज्ञ सिमचा गोल्डमन गणवेशात किप्पा घालण्यासाठीचा खटला ५ विरुद्ध ४ मतांनी हरले. पण तो निकाल सैन्याच्या गणवेशापुरता होता, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकी संसदेने कायदा करून नीटनेटक्या, साध्या धार्मिक पेहरावाला गणवेशातही मुभा दिली. हे शेपूट मात्र कुणी सांगत नाही! १५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी नोकरीत १९६४चा नागरी हक्क कायदा चालतो. दाढी-किप्प्याला सवलत नाकारायची, तर धंद्यावर भरीव बोजा पडतो हे मालकाने दाखवायचं, असं न्यायालयाने २०२३मध्ये स्पष्ट केलं. ‘गिऱ्हाइकांना खटकतं’ ही सबब पुरत नाही.