कलमाचा जोड का तुटतो: विषारी द्रव्याच्या संशयाची पार्श्वभूमी

बिहीच्या खुंटावर, म्हणजे मुळे पुरवणाऱ्या खालच्या झाडावर, नासपतीचे कलम बांधले की झाड ठेंगणे राहते आणि लवकर फळावर येते, म्हणून 17 व्या शतकातील फ्रेंच बागांमध्ये हा खुंट रूढ झाला होता. तथापि सगळ्याच जाती त्याला मानवत नाहीत. 'बार्टलेट' या नावानेही ओळखली जाणारी 'विल्यम्स' ही जात काही वर्षे जोमाने वाढून एखाद्या वाऱ्यात नेमकी जोडापाशी मोडू शकते. अशा मोडीच्या जागी फाटलेले तंतू दिसत नाहीत. खोड करवतीने कापल्यासारखे गुळगुळीत तुटलेले असते. न मोडलेल्या जोडाचा उभा छेद घेतल्यास दोन्ही लाकडांच्या मध्ये तपकिरी रेघ आढळते. तेथील पेशींचे लाकूड कधी बनलेलेच नसते.

याचे जुने स्पष्टीकरण नात्याचे होते, म्हणजे जवळच्या वनस्पतींचे जुळते आणि दूरच्यांचे जुळत नाही. रोमन कवी व्हर्जिलने चिनार वृक्षावर सफरचंदे धरल्याचे लिहिले ते कविकल्पना म्हणून सोडून देता येईल. पण बिही आणि नासपती वेगवेगळ्या प्रजातींतील असूनही अनेकदा जुळतात, तर तितकीच जवळची असलेली सफरचंद आणि नासपती सहसा टिकाऊ जोड धरत नाहीत, ही अडचण खरी होती. मग संशय झाडाच्या रसायनांकडे वळला.

पहिल्या मोठ्या प्रकरणात हा संशय चुकीचा ठरला. मोसंबी स्वतःच्या मुळांवर निरोगी राहते, आंबट नारिंगही स्वतःच्या मुळांवर निरोगी राहते, परंतु नारिंगाच्या खुंटावरची मोसंबी मरते, असे दक्षिण आफ्रिकेत आणि जावामध्ये दिसले होते. 1930 च्या दशकात ब्राझील आणि अर्जेंटिनातील बागा अशाच ओस पडल्या. मोसंबीच्या पानांत तयार होणारे एखादे द्रव्य नारिंगाच्या सालीला मारक असावे, असा तर्क जावातून 1937 मध्ये मांडला गेला, आणि हाती असलेल्या पुराव्यावरून तो मुळीच अवाजवी नव्हता. 1946 मध्ये मात्र ब्राझीलमध्ये हा रोग माव्यामार्फत, तर कॅलिफोर्नियात कलमासाठी वापरलेल्या डोळ्यामार्फत (कळीमार्फत) पसरतो, हे सिद्ध झाले. कारण विषाणू होता. तो जोडाखालच्या सालीतील अन्नवाहिन्या मारतो आणि मुळे उपाशी मरतात.

बार्बरा मॉस यांनी 1962 मध्ये या विषयाचा आढावा घेतला, तेव्हा कलम न जुळण्याचे दोन प्रकार स्पष्टपणे वेगळे झाले. एका प्रकारात दोघांशीही जुळणाऱ्या तिसऱ्या जातीचा तुकडा मध्ये घातला की दोष जातो; नासपती-बिहीच्या जोडीत 'ब्यूरे हार्डी' किंवा 'ओल्ड होम' हे काम करतात. दुसऱ्या प्रकारात तसा तुकडा घालूनही उपयोग होत नाही. मायरोबॅलन प्लमवरील 'हेल्स अर्ली' पीच हे त्याचे नेहमीचे उदाहरण आहे.

नासपतीचे रासायनिक उत्तर 1968 मध्ये इस्रायलमधील गुर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले. बिहीच्या सालीत प्रुनासिन नावाचे सायनाइडयुक्त ग्लायकोसाइड (साखरेशी जोडलेले संयुग) असते. ते जोड ओलांडून नासपतीच्या सालीत शिरते आणि तेथील विकरांमुळे (एन्झाइममुळे) त्यातून हायड्रोजन सायनाइड मोकळे होते. त्यामुळे अन्नवाहिन्या आणि कॅम्बियम (नवे लाकूड व साल तयार करणारा पेशींचा थर) जखमी होतात, साखरेचा खाली जाणारा पुरवठा घटतो, आणि उपाशी बिहीच्या ऊतींत प्रुनासिनचे विघटन आणखी वाढते. उष्णतेने ही क्रिया वेग घेते. उष्ण हवामानात असे जोड लवकर बिघडण्यामागे हेच कारण असावे, असे त्यांनी मांडले. बिहीशी जुळणाऱ्या जातींमध्ये या विकराला रोखणारे द्रव्य असल्याचेही त्यांना आढळले, आणि मधल्या तुकड्याचा इलाज का लागू पडतो याचा सर्वांत पटणारा खुलासा मला तरी याच निरीक्षणात दिसतो. पीच-प्लमच्या जोडीत मात्र जोडाच्या वर स्टार्च साठत जातो आणि खाली तो जवळजवळ नसतो. त्या अडथळ्याला हा खुलासा लावता येत नाही.