गतिविकारांच्या अभ्यासातील अपृष्ठवंशी नमुनाजीव

कंपवात, अटॅक्सिया (हालचालींतला ताळमेळ बिघडणे) यांसारख्या हालचालींच्या विकारांची पेशींच्या पातळीवरची कारणे शोधण्यासाठी कणा नसलेले साधे प्राणी वापरण्याची पद्धत. फळमाशी (ड्रॉसोफिला) आणि सीनोरॅब्डायटिस एलेगन्स हा जेमतेम १ मिमी लांबीचा सूत्रकृमी हे यातले नेहमीचे प्राणी. या जिवांना कंपवात होत नाही. तो सदोष जनुकांद्वारे किंवा विषारी द्रव्याने त्यांच्यात अंशतः घडवावा लागतो.

जीवशास्त्रज्ञ सिडनी ब्रेनर यांनी १९६०च्या दशकात केंब्रिज येथे हा कृमी अभ्यासासाठी निवडला. त्याच्या उभयलिंगी प्रौढात चेतापेशी फक्त ३०२, आणि त्यांतल्या डोपामीन (हालचालींवर ताबा ठेवणारे चेतारसायन, कंपवातात ते कमी पडते) बनवणाऱ्या अवघ्या ८. कृमी पारदर्शक असल्यामुळे या पेशी चकाकत्या प्रथिनाने रंगवून जिवंतपणीच पाहता येतात. ६-हायड्रॉक्सिडोपामीन हे विषारी द्रव्य दिले की त्या झडू लागतात. निरोगी कृमी जिवाणूंच्या थरावर, म्हणजे अन्नावर, आला की वेग कमी करतो. डोपामीन नसलेला तसाच पुढे सरकत राहतो. हा फरक साध्या सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतो.

माशीची चाचणी त्याहून सोपी. नळी टेबलावर आपटली की माश्या तळाशी पडतात आणि लगेच भिंतीवरून वर चढतात. ठरावीक वेळात किती चढल्या ते मोजायचे. २००० मध्ये मानवी अल्फा-सिन्यूक्लिइन (कंपवातात चेतापेशींत साचणारे प्रथिन) असलेल्या माश्यांची चढण्याची क्षमता वयाबरोबर घसरताना दिसली. २००६ मध्ये याहून मोलाची गोष्ट हाती आली. पिंक१ जनुक बिघडलेल्या माश्यांचे उड्डाण-स्नायू व तंतुकणिका (पेशीला ऊर्जा पुरवणारे घटक) ढासळतात; त्यांना पार्किन हे दुसरे जनुक जादा दिले की त्या सावरतात, पण पार्किन बिघडलेल्या माश्या जादा पिंक१ने सावरत नाहीत. कंपवाताशी निगडित ही दोन जनुके एकाच साखळीत आहेत, आणि पार्किन पुढची कडी आहे, हे माशीमुळे कळले.

कधी वाट उलटीही जाते. ईथरच्या गुंगीत पाय थरथरवणाऱ्या ‘शेकर’ माशीतून पोटॅशियम वाहिनीचे (चेतापेशीतून पोटॅशियम बाहेर सोडणाऱ्या प्रथिन-दाराचे) जनुक सापडले; पुढे त्याच्याच मानवी भावंडातील दोष हा प्रासंगिक (अधूनमधून झटके येणाऱ्या) अटॅक्सियाच्या एका प्रकाराचे कारण ठरला.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेणवीय जीवविज्ञान गट उभारणारे ओबैद सिद्दिकी यांनी अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ सीमोर बेन्झर यांच्यासह तापमान वाढताच लुळ्या पडणाऱ्या माश्यांवर काम केले (१९७६).

मर्यादा उघड आहेत. कृमीत अल्फा-सिन्यूक्लिइनचे स्वतःचे जनुकच नाही, आणि कृमी व माशी या दोघांच्याही मेंदूची घडण माणसाहून फार वेगळी. त्यामुळे कृमीवर लागू पडलेले औषध उंदरावर पुन्हा तपासावेच लागते.