खुला व्यापार आणि विषमता: मेक्सिकोचा अनुभव

गरीब देशाने व्यापार खुला केला की अकुशल मजुरांची मिळकत वाढते आणि विषमता आपोआप घटते, हा समज स्टोल्पर आणि सॅम्युएल्सन या अर्थशास्त्रज्ञांनी 1941 मध्ये मांडलेल्या सिद्धांतावर बेतलेला आहे. मात्र त्याची गृहीतके बाजूला ठेवून तो सर्रास सांगितला जातो. मेक्सिकोने 1985 मध्ये आयातनिर्बंध झपाट्याने सैल केले, 1986 मध्ये तो गॅट या आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक करारात सामील झाला, आणि त्यानंतरच्या सुमारे दशकभरात तेथील कुशल व अकुशल कामगारांच्या वेतनातील दरी उलट रुंदावली. यामागचे मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे कारण असे, की कपडे आणि पादत्राणे यांसारख्या अकुशल श्रमांवर चालणाऱ्या उद्योगांनाच आधी अधिक संरक्षण होते, त्यामुळे जकातकपातीचा फटकाही त्यांनाच अधिक बसला. शिवाय अमेरिकी कंपन्यांनी सीमेलगतच्या माकिलादोरा, म्हणजे आयात केलेले सुटे भाग जोडून माल निर्यात करणाऱ्या, कारखान्यांत हलवलेली कामे अमेरिकेत कमी कौशल्याची गणली जात असली, तरी मेक्सिकोत त्यांसाठी तुलनेने कुशल कामगार लागत. अर्थात खुला व्यापार विषमता वाढवतोच, असेही म्हणता येत नाही. 1994 मध्ये अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातील नाफ्टा हा मुक्त व्यापाराचा करार लागू झाल्यावर व्यापार वाढत गेला, तरी पुढे ही दरी कमी झाली, आणि त्यात शिक्षणाच्या प्रसाराचा वाटा मोठा होता.