गावातलं ‘हार्ट फेल’, शहरातलं ‘पंपिंग’

सोलापूर जिल्ह्यात ‘हार्ट फेल झालं’ म्हटलं की माणूस गेला, असाच अर्थ घेतात. रात्री जेवून झोपला तो पहाटे उठलाच नाही, हार्ट फेल. विहिरीवर मोटार चालू करायला गेला आणि तिथंच कोसळला, हार्ट फेल. डॉक्टर मात्र हा शब्द जिवंत माणसासाठी वापरतात. त्याच्या हृदयाला शरीराला लागेल तेवढं रक्त पुढं ढकलायला जमत नाही, पाय सुजतात, चार पावलं चालला की दम लागतो, रात्री उशांना टेकून बसावं लागतं. नीट औषध मिळालं तर असा माणूस पुढं कित्येक वर्षं घरात वावरतो, कामही करतो. ‘हृदय निकामी होणे’ हा मराठी प्रतिशब्द तर आणखी घात करतो. निकामी झालेल्या वस्तूवर खर्च कोण करणार?

शहरात टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, सरसकट होऊ लागल्यावर दुसरा शब्द रुळला, ‘पंपिंग’: हृदयाच्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्यात किती टक्के बाहेर ढकललं जातं, तो आकडा. ‘आईचं पंपिंग तीसवर आलंय’ हे वाक्य आज सोलापुरात कुठल्याही मेडिकल दुकानासमोर ऐकू येतं. त्यातही घोळ आहेच. नातेवाईक तो आकडा शंभरापैकी धरतात, पण धडधाकट माणसाचं पंपिंगही साधारण ५५ ते ७० टक्केच असतं. आणि आकडा चांगला असूनही हृदय आखडल्यामुळे दम लागणारे रुग्ण पुष्कळ असतात. तरीही हा शब्द बरा, कारण पंपिंग कमी झालेला माणूस जिवंत असतो आणि त्याला गोळ्या सुरू करायच्या असतात.

शब्दांचा हा गुंता थेट मृत्यूच्या नोंदीपर्यंत जातो. मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय प्रमाणपत्रात सूचनाच छापलेली असते, की रोग लिहा, ‘हार्ट फेल्युअर’सारखा मरणाचा प्रकार लिहू नका. सूचना चुकीची नाही. शहरातल्या रुग्णालयात डॉक्टर त्याप्रमाणे झटका, झडपेचा आजार, रक्तदाब असं मूळ कारण लिहू शकतात. पण अक्कलकोट किंवा सांगोल्याच्या वस्तीवर, शेवटच्या आजारात डॉक्टरच नव्हता तिथं, घरचे सांगतील ते कारण: ‘हार्ट फेल’, ‘दमा’ नाहीतर ‘म्हातारपण’. २०२३च्या कायदादुरुस्तीने प्रत्येक रुग्णालयाला कारणाचं प्रमाणपत्र देणं बंधनकारक केलं. डॉक्टरविना घरात आलेल्या मरणाला त्याचा उपयोग नाही. म्हणून गाव आणि शहर यांची तुलना करणारा कुठलाही आकडा वाचताना माझा पहिला प्रश्न हाच असतो, की यात घरीच दगावलेली माणसं धरली आहेत का? बहुतेक आकडे रुग्णालयात पोहोचलेल्यांचेच असतात. देशातल्या ५३ रुग्णालयांत २०१९-२०मध्ये नोंदलेल्या हार्ट फेल्युअरच्या १०,८५१ रुग्णांपैकी सुमारे १४ टक्के ९० दिवसांत दगावले. हे पोहोचलेल्यांचं झालं.

मागचा इतिहास थोडक्यात. गिरण्यांच्या काळापासून डॉक्टर आणि दवाखाने शहरात एकवटले, १९६३ साली वैद्यकीय महाविद्यालयही शहरातच आलं. २०११च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ४३ लाखांवर होती आणि त्यातले दोन तृतीयांश लोक खेड्यात राहत होते. करमाळ्याहून सोलापूर शंभर किलोमीटरहून लांब. तिथले रुग्ण अनेकदा पुणे-नगरकडे वळतात, तर कलबुर्गी, विजयपूरकडचे सोलापुरात येतात. शहरही एकसारखं नाही. पूर्व भागातल्या विडी वळणाऱ्या बाईला आणि यंत्रमागावरच्या कामगाराला हृदयरोगतज्ज्ञ जवळ आहे, पण एक खाडा म्हणजे एक दिवसाची मजुरी.

जुलै २०१२मध्ये राज्याची जीवनदायी आरोग्य योजना नव्या रूपात पहिल्यांदा आठ जिल्ह्यांत आली, त्यात सोलापूर होतं. तेव्हा वर्षाला कुटुंबामागे दीड लाखापर्यंतच्या उपचारखर्चाचं संरक्षण होतं. तिने खूप जीव वाचवले, हे आधी म्हटलं पाहिजे. गावातला माणूस अँजिओप्लास्टी करून घरी परतू लागला. पण योजनेचा भर शस्त्रक्रिया आणि दाखल रुग्ण यांवर ठेवला गेला. काही शस्त्रक्रियांनंतरचा ठरावीक पाठपुरावा सोडला, तर जन्मभराच्या रोजच्या गोळ्या बाहेरच राहिल्या. पैसा मर्यादित होता, मोठा खर्च आधी उचलला, हे समर्थन समजण्यासारखं आहे. मला ते पटत नाही. झटक्यातून वाचलेल्याचं दुबळं हृदय हाच हार्ट फेल्युअरचा एक मोठा रस्ता आहे, आणि त्या वाटेवर माणूस गोळीवर जगतो.

इकडे गोळ्याही बदलत गेल्या. १९८७ ते १९९९ या बारा वर्षांत तीन प्रकारच्या औषधांनी आयुष्य वाढतं हे सिद्ध झालं, २०१९मध्ये मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिन या गोळीची त्यात भर पडली. २०२०मध्ये भारतात तिचं पेटंट संपलं आणि किंमत उतरली. पण औषध सुरू करून डोस हळूहळू वाढवायचा, मध्ये रक्तातलं पोटॅशियम आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन बघायचं, म्हणजे पुन्हापुन्हा फेऱ्या. २०१४च्या एका मोठ्या अभ्यासात, भारतासह १७ देशांत, खेड्यांत जोखमीचे घटक शहरापेक्षा कमी आणि तरी मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. तो अभ्यास एकूण हृदयविकाराचा होता, पण इथलं चित्र त्याला धरूनच आहे.

फेरीचा दिवसच मुळात कसा जातो ते पाहा. तपासणीला निघालेली बाई त्या सकाळी सूज उतरवणारी ‘पाण्याची गोळी’ घेत नाही, कारण गोळीने सारखी लघवी होते आणि एसटी मध्ये थांबत नाही. ऊसतोडीच्या फडातही तेच, आडोसा नसतो. मग डब्यातली भाकरी आणि शेंगाचटणी, चटणीत मीठ. दुपारी ओपीडीत पोहोचते तेव्हा पाय सुजलेले असतात. डॉक्टरांना वाटतं गोळी पुरत नाही, आणि डोस वाढतो. वाढलेली गोळी ती पुढच्या फेरीच्या सकाळी पुन्हा डब्यातच ठेवते.