दोरी गुणगुणते तेव्हा

इंग्लंडमध्ये सेव्हर्न नदीवर बार्बेल नावाच्या, तळाशी चरणाऱ्या माशासाठी गळ टाकून बसलेल्या माणसाचं बोट पाहावं. रिळाजवळच्या दोरीला ते नुसतं टेकलेलं असतं. नदी चढलेली असेल तर बोटाला एक बारीक गुणगुण सतत जाणवते. तो मासा नव्हे. दोरीला वळसा घालून जाणारं पाणी तिच्या पाठीमागे एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने भोवरा सोडतं आणि दोरी थरथरते. पाण्याचा वेग सेकंदाला 1 मीटर आणि दोरी 0.3 मिलिमीटर जाडीची असेल, तर सेकंदाला साधारण साडेसहाशे वेळा.

तळ्यावर दोरी हलली की बहुधा मासाच असतो. वाहत्या नदीत ती कायमच हलत असते. त्यामुळे पाण्याचा हिशेब आधी मांडावा लागतो, माशाचा नंतर.

पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वरच्याच दोरीचे 20 मीटर प्रवाहाला आडवे पडले, तर त्यांच्यावर सुमारे साडेतीनशे ग्रॅम वजनाइतका जोर येतो. वेग दुप्पट झाला की तोच जोर जवळजवळ दीड किलो! पालापाचोळा अडकला तर आणखी. म्हणून इथे रॉड आडवी ठेवत नाहीत, टोक आभाळाकडे करून उभी ठेवतात. दोरी जितकी पाण्याबाहेर, तितका रेटा कमी.

यापुढची युक्ती मला फार आवडते. आमिष प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकायचं आणि दोरी ताणून न घेता थोडी जास्तच सोडायची. प्रवाह तिची कमान करतो. कमानीचा बराच भाग पाण्याच्या दिशेने पडतो आणि तशा दोरीवर रेटा खूपच कमी बसतो. त्यामुळे आमिष तळाशी टिकावं म्हणून दोरीला लावलेलं जे शिसं ताठ दोरीने घसरलं असतं, तेच आता तळाला धरून राहतं. मात्र यात माशाची खूण उलटी मिळते. माशाने शिसं जागचं हलवलं की वाकलेलं टोक एकदम सरळ होतं. टोक वाकण्याची वाट पाहणाऱ्या नवख्याच्या हातून नेमका हाच क्षण निसटतो.

मासा लागला की वाजणाऱ्या इलेक्ट्रॉनिक घंटीचंही तेच. अनेक घंट्यांमध्ये दोरी एका छोट्या चाकावरून जाते. चाकात चुंबक असतात. दोरी सरकली, चाक फिरलं की आवाज होतो. प्रवाहाने दोरी मागेपुढे झाली तरी ती वाजते, म्हणून संवेदनशीलता कमी करावी लागते. माशाची ओढ दिसावी म्हणून दोरीवर लटकवायचा हलका गोळा तर जोराच्या प्रवाहात निरुपयोगीच. पाणी दोरी ओढून त्याला रॉडला चिकटवून टाकतं.

आता रीळ. मागे छोटी खिटी असलेलं रीळ यासाठी उत्तम. खिटी लावली की दोरी गुंडाळलेली फिरकी हलक्या ब्रेकवर मोकळी होते, हँडल फिरवलं की मुख्य ब्रेक लागतो. हलका ब्रेक हाताच्या अंदाजाने लावू नये, नदीलाच विचारावं. आमिष टाकून झाल्यावर प्रवाह स्वतःच दोरी ओढू लागेपर्यंत ब्रेक सैल करत न्यावा आणि मग किंचित आवळावा. फार आवळला तर जोरकस बार्बेल रॉडच नदीत ओढून नेतो. पाणी चढलं की हे सगळं पुन्हा तपासायचं.

बार्बेल स्वतः याच रेट्यात जगतो. तळाशी घासून वाहणारं पाणी वरच्यापेक्षा संथ असतं. सपाट पोटाचा हा मासा तळाला बिलगून तिथेच चरतो. ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि निसर्ग अभ्यासक साईक्स यांनी 1839 मध्ये पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेतून ज्या महसीराचं वर्णन केलं, तोही याच कुळातला.

पकडलेला बार्बेल दमून अर्धमेला झालेला असतो. त्याला लगेच सोडून देऊ नये. तोंड प्रवाहाकडे करून दोन्ही हातांत पाण्याखालीच धरावा. कल्ल्यांतून पाणी वाहू लागतं, शेपूट हळूहळू जोर धरते. पाच मिनिटं लागोत की पंधरा, तो स्वतःहून हातातून निघेपर्यंत धरून ठेवावा.